नाकावरचा पोर्ट आणि पावसातला शॉक

"पुढे चार्जिंग पोर्ट असलेली गाडी घेऊ नका, पावसात शॉक बसतो." ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये हा सल्ला अजून फिरतोय. त्यात तथ्य नाही. टाटाच्या इलेक्ट्रिक गाड्याच बघा: पंच ईव्हीचा पोर्ट नाकावर, म्हणजे अगदी पुढे, टियागो ईव्हीचा मागे पेट्रोलच्या झाकणाच्या जागी. सॉकेट मात्र दोन्हीकडे एकाच प्रमाणित प्रकारचं, सीसीएस२च. त्यातल्या वरच्या दोन बारीक पिना फक्त सिग्नलसाठी. प्लग पूर्ण बसून गाडी आणि चार्जरचं आपसात जुळलं, की मगच करंट सोडला जातो. साधा एक्स्टेंशन बोर्ड पावसात ठेवलात तर शॉक बसू शकतो, त्यात गाडीचा काय दोष?

खरी अडचण केबल पुरण्याची. स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, चार्जर आतल्या भिंतीवर आणि पोर्ट नाकावर असेल, तर गाडी सरळ आत घाला, रिव्हर्स नको. पुढचा पोर्ट बंपरच्या ठोकरीत सापडू शकतो, एवढं खरं.