टाकीत कोणासोबत कोण? खाऱ्या पाण्यातल्या एका यादीची पार्श्वभूमी

विदर्भात कोणी घरी समुद्री माशांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी लावतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लोणारचं पाणी चालेल का? दर्यापूर-अकोटकडचा माणूस असला तर म्हणतो, आमच्या विहिरीलाच खारं पाणी आहे, विकत कशाला घ्यायचं? दोघांनाही नाहीच म्हणावं लागतं. लोणारचा खारेपणा सोड्याच्या जातीचा, सामू (पीएच) दहाच्या आसपास. त्यात मासा जगत नाही. समुद्राचा सामू ८.१-८.३ आणि लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार. दर्यापूर-अकोटच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी माणसाला पिववत नाही खरं, पण समुद्रापुढे ते फिकंच, आणि त्यातले क्षारही त्या प्रमाणात नाहीत. उरतं ते पाकिटातलं समुद्री मीठ आरओच्या पाण्यात कालवणं. हे तयार मीठ १९६० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आलं. त्याआधी समुद्रापासून लांब राहणाऱ्याला हा छंद फार अवघड होता.

तिसरा प्रश्न मात्र कामाचा असतो. मासे कोणते सोडायचे? आज नवख्याच्या हातात पडणारी यादी साधारण अशी: क्लाउनफिशची एक जोडी, एक फायरफिश, तळाला एखादी वॉचमन गोबी, फार तर एक रॉयल ग्रामा. डॅमसेल नको, टँग इतक्यात नको, मँडरिन तर मुळीच नको. वाचताना वाटतं, कुणी जाणकाराने बसून आखून दिली असावी. प्रत्यक्षात दीड-पावणेदोनशे वर्षं लोकांच्या टाक्यांत जे मेले आणि ज्यांनी मारले, ते गाळत गाळत ही चार-पाच नावं उरली आहेत.

सुरुवात लंडनची. १८४६ साली ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचे जीव घरी आणले. पंप नव्हता, वीज नव्हती. त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसे, म्हणजे त्यात हवा मिसळावी. मे महिन्यात दुपारी लाइट गेली आणि इन्व्हर्टरनेही मान टाकली की आम्ही गडव्याने नेमकं हेच करतो, म्हणून मला ती अनाम मोलकरीण थिनबाईंपेक्षा जवळची वाटते. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दोन गोल्डफिश, वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून दाखवल्या. वनस्पती प्राणवायू देते, तिची कुजलेली पानं गोगलगाय साफ करते. कोणासोबत कोण याची माझ्या माहितीतली ही पहिली हिशेबी मांडणी, आणि तीही गोड्या पाण्यातली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेला. इंग्लंडमधला काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. छंद पसरायला असल्या गोष्टीच लागतात.

आपल्या महाराष्ट्रातल्या लोकांना खाऱ्या पाण्यातला मासा काचेपलीकडे दिसला तो १९५१ मध्ये मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. विदर्भातल्या कितीतरी लोकांनी समुद्र आणि समुद्रातला मासा एकाच सहलीत, एकाच दिवशी पाहिला तो तिथे.

घरगुती टाकीची पुढची वीस-पंचवीस वर्षं मात्र विचित्र होती. तळाला जाळी, वर बजरी, आणि शोभेला मेलेल्या प्रवाळाचे पांढरेफटक सांगाडे. मासा निवडायचा तो रंग बघून: लायनफिश, ट्रिगर, मोठे एंजलफिश, फुलपाखरी मासे. प्रवाळ जिवंत नसल्यामुळे तो कोण कुरतडतो याची फिकीर कुणाला नव्हती. डॅमसेलची ख्यातीही याच काळातली. नव्या टाकीत माशांच्या मलमूत्राचा अमोनिया साठतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू रुजायला काही आठवडे लागतात. त्या विषारी आठवड्यांत तग धरतो तो स्वस्तातला डॅमसेल, म्हणून तोच आधी सोडायचा असा रिवाज पडला. टाकी तयार झाली की हाच डॅमसेल कोपरा धरून बसतो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाचे पंख फाडतो. मी स्वतः हे भोगलं आहे. नागपूरच्या एका दुकानदाराने ‘आधी हे टाका, चिवट असतात’ म्हणून तीन दिले होते. महिन्याभरात त्यातला एकच राहिला, आणि तो काढायला सगळे दगड बाहेर काढावे लागले.

यादी खऱ्या अर्थाने उलटली ती प्रवाळ जिवंत राहू लागले तेव्हा. इंडोनेशियात ली चिन एंग यांनी समुद्रातून जीवजंतूंसकट उचललेले खडक, उन्हाचा प्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवली आणि १९६१ मध्ये ती पद्धत जगासमोर मांडली. पुढे युरोपातल्या छंदींनी, विशेषतः पीटर विल्केन्स आणि बर्लिनच्या मंडळींनी, या जिवंत खडकाला पाण्यातली घाण फेसासोबत काढणाऱ्या स्किमरची आणि भरपूर प्रकाशाची जोड दिली. १९८० च्या दशकात हे वेड अमेरिकेत पोचलं. आता टाकीचा मालक प्रवाळ झाला आणि मासा भाडेकरू. ट्रिगर, फुलपाखरी, मोठे एंजल हे कालचे राजे बाहेर गेले, कारण ते प्रवाळ किंवा त्यातले कोळंबी-खेकडे खातात. गोबी, ब्लेनी, फायरफिश असे लहान, भिडस्त मासे आत आले.

हे सगळं मी गोंदियाकडच्या एका ढिवर काकांना सांगत होतो. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. ‘मरळीसंगं बीज सोडलं तं सकाळी मरळच रायते,’ एवढंच म्हणाले. मरळ हा शिकारी मासा, बीज म्हणजे माशांची पिल्लं. खरंच आहे. मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या मुलखात हे ज्ञान जुनं. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन करून दाखवलं, पुढे बीज हवं तेव्हा मिळू लागलं आणि मिश्र मत्स्यशेतीचं गणित बसलं: कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिघांची ताटं वेगळी म्हणून भांडण कमी. खाऱ्या टाकीतही अंगलटीने सारखे, एकाच जागी चरणारे दोन मासे सोडले की जुंपते. फरक इतकाच, की तलावात हरलेल्या माशाला पळायला एकरभर पाणी असतं. काचेत दोन फूट.

क्लाउनफिश यादीत पहिल्या नंबरावर आहे याचं कारण मात्र स्वभावापेक्षा पैदाशीत आहे. फ्लोरिडात मार्टिन मो यांनी १९७० च्या दशकात त्याची पिल्लं व्यापारी पातळीवर वाढवली. टाकीत जन्मलेला मासा गोळीचं खाद्य खातो, प्रवासाला सरावतो आणि समुद्रात तो ज्याच्या आसऱ्याला राहतो ते समुद्रफूलही (ॲनिमोन) त्याला लागत नाही. जोडी जमवणंही सोपं: सगळी पिल्लं आधी नर असतात, दोघांतला दांडगा पुढे मादी होतो. २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’ या गाजलेल्या ॲनिमेशनपटाने मागणी भडकवली तेव्हा निदान हा मासा हॅचरीत (पैदास केंद्रात) तरी होता. त्याच चित्रपटातला निळा टँग हॅचरीत नव्हता. त्याची टाकीतली पैदास २०१६ मध्ये साधली. तरीही तो फूटभर वाढतो, म्हणून नवख्याच्या यादीबाहेरच बरा. बँगाई कार्डिनल शांत, नर तोंडात अंडी सांभाळतो, वाढवायलाही सोपा. पण इंडोनेशियातल्या मोजक्या बेटांभोवतीच तो सापडतो आणि व्यापारासाठी इतका पकडला गेला की २००७ मध्ये त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. घ्यायचाच तर हॅचरीतला. मँडरिनची गोष्ट वेगळी. तो इतर जातीच्या माशांशी भांडत नाही, पण दिवसभर खडकावरचे सूक्ष्म जीव टिपत राहतो, आणि नव्या टाकीत ते नसल्यामुळे शांतपणे उपाशी मरतो. हिरव्या क्रोमिसचा थवा अजून काही याद्यांत असतो. सहा आणले तर वर्षाअखेरीस एक-दोन दिसतात, बाकीचे आपसातच संपतात.

भारतातल्या नवख्याला आणखी एक पार्श्वभूमी माहीत हवी. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणारे कठीण प्रवाळ, समुद्री पंखे, समुद्रघोडे आणि समुद्री काकड्या आल्या. जिवंत खडक म्हणजे प्रवाळाचाच सांगाडा. त्यामुळे कुणी ‘मन्नारच्या आखातातला माल’ म्हणून स्वस्तात देऊ केला तर हात लावू नये. कृत्रिम खडकावर जिवाणू रुजवायला वेळ जास्त लागतो, पण काम होतं. क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बसवलं आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेलाच घ्यायची गरज नाही.

राहिला आमचा उन्हाळा. जगभरच्या याद्या पंचवीस-सव्वीस अंशांचं पाणी धरून लिहिलेल्या असतात. त्या तापमानाला समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, गोड्या पाण्यात आठच्या वर. पाणी तापलं की तोही घटतो, आणि माशाची गरज वाढते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला पारा पंचेचाळीस ओलांडतो. पाणी गार करणारा चिलर परवडत नसेल तर टाकीवर पंखा लावायचा. आपली हवा कोरडी, म्हणून कूलरच्या तत्त्वावर दोन-तीन अंश सहज उतरतात. उडालेल्या पाण्याच्या जागी मात्र साधं आरओचं पाणी घालायचं, मिठाचं नाही. मीठ उडत नाही, ते टाकीतच राहतं.

म्हणून बाहेरच्या यादीत दोनशे लिटरला पाच मासे लिहिले असतील तर इथे तीन धरावेत: आधी भिडस्त गोबी, महिन्याने क्लाउनफिशची जोडी. फायरफिश हवाच असेल तर वर जाळी लावून, कारण तो बिचकला की उडी मारतो. आणि तोही दिवाळीनंतर, चेन्नई-मुंबईहून पिशवीत येणारा मासा नागपूरहून एसटीने तालुक्याला पोचेपर्यंत उकडून निघणार नाही अशा दिवसांत.