कापडी पेल्मेट

कापडी पेल्मेट : पडद्याचा रॉड आणि कड्या झाकण्यासाठी खिडकीच्या माथ्यावर बसवलेली, कापडाने मढवलेली लाकडी पेटी. तिला समोरची फळी, दोन बाजू आणि वरचे झाकण असते. खालची व भिंतीकडची बाजू उघडी राहते.

मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत भिंती जाड आणि झरोके लहान, त्यामुळे तिथे पेल्मेटचे काम नव्हते. स्लॅबच्या घरांत काचेच्या मोठ्या खिडक्या आल्या. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांपुढे जातो, तेव्हा काचेलगतची हवा तापून पडद्यामागे वर चढते आणि माथ्यावरून खोलीत शिरते. झाकण असलेले पेल्मेट तिची वाट अडवते. नुसती समोरची पट्टी ठोकली, तर शोभा येते, उपयोग होत नाही.

खिडकी 120 सेंमी रुंद असेल, तर दोन्हीकडे 10 सेंमी सोडून समोरची फळी 140 सेंमीची घेतात. उंची 20 आणि खोली 12 सेंमी पुरते. मात्र रॉड भिंतीपासून किती पुढे आहे, ते आधी मोजावे. 12 मिमी प्लायवुड खिळे व फेव्हिकॉलने जोडून त्यावर पातळ फोम चिकटवतात. बाजू आणि मागे दुमडायचे 5-5 सेंमी धरून कापड 174 सेंमी लांब आणि 30 सेंमी रुंद लागते.

कापडाची निवड हाच या कामातला खरा आनंद. छत्रपती संभाजीनगरचे हिमरू, म्हणजे सुती ताणा (उभे धागे) आणि रेशमी बाणा (आडवे धागे), फोमवर फार शोभते. पण घरच्या पेटीतली जुनी काठाची साडी त्याहून सोयीची. साडीचा काठ लांबीभर धावतो, त्यामुळे कापड आडवे लावले की सांधा येतच नाही आणि काठ नेमका खालच्या कडेवर बसतो. जुने रेशीम घडीवर चिरते. म्हणून त्याला आधी सुती अस्तर लावावे. कापड उभे लावूनच नक्षी सरळ दिसणार असेल, तर सांधा मधोमध घेऊ नये. मध्ये अखंड तुकडा ठेवून दोन्ही कडांना जोड द्यावा.

स्टेपल गनची पहिली पिन मध्यावर, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एका टोकापासून सुरुवात केली की कापड तिरके ओढले जाते आणि काठ वाकडा दिसतो. सगळ्या पिना आतल्या बाजूला मारतात. कोपऱ्यावरची जादा घडी कापून टाकण्याऐवजी वाकळेच्या कोपऱ्यासारखी दुमडावी.

पेटी भिंतीवर एल आकाराच्या लोखंडी पट्ट्यांनी टांगतात. खिडकीवर लिंटेलचे, म्हणजे आडव्या तुळईचे, काँक्रीट असते, त्याला हॅमर ड्रिल आणि गुट्ट्या लागतात. धूळ कोरड्या ब्रशने झाडावी. कापड विटले की पिना उपसून त्याच सांगाड्यावर दुसरे चढवता येते.