बरोची झेप आणि तिच्यामागचे हात : एलएसयूच्या २०१९ च्या हंगामाची पार्श्वभूमी

२०१८ च्या हंगामात लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजेच एलएसयूच्या, अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असलेला खेळाडू, जो बरो याने फेकलेल्या पासांपैकी ५७.८ टक्के पास सहकाऱ्यांच्या हाती पोहोचले. त्यांतून २,८९४ यार्ड आणि १६ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोहोचवून मिळणारे गुण) मिळाले. पुढच्याच वर्षी, त्याच विद्यापीठासाठी खेळताना, त्याची टक्केवारी ७६.३ झाली, यार्ड ५,६७१ झाले आणि टचडाउन पासांची संख्या ६० वर गेली. हवाई विद्यापीठाच्या कोल्ट ब्रेननने २००६ मध्ये नोंदवलेला ५८ टचडाउन पासांचा विक्रम त्याने मागे टाकला. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचे चाहते गेली काही वर्षे सुधारलेल्या क्वार्टरबॅकविषयी बोलू लागले, की तुलनेसाठी हे दोन हंगाम हमखास पुढे येतात आणि त्यापाठोपाठ वादही सुरू होतो. ही सुधारणा खेळाडूची स्वतःची होती, नव्या प्रशिक्षकाची होती, की मोठ्या सामन्यांत कमाल करून दाखवणाऱ्या सहकाऱ्यांची, हा तो वाद आहे.

हा प्रश्न या खेळात इतका चिवट का आहे, हे क्वार्टरबॅकच्या कामाकडे पाहिले की समजते. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू प्रथम क्वार्टरबॅककडे येतो आणि तो धावणाऱ्याच्या हाती द्यायचा की दूर फेकायचा, हे त्याला दोन-तीन सेकंदांत अमलात आणावे लागते. क्रिकेटमध्ये फलंदाजाने काढलेल्या धावा बव्हंशी त्याच्या स्वतःच्या असतात. क्वार्टरबॅकचा पास मात्र दुसऱ्याने झेलल्याशिवाय त्याच्या नावावर जमा होत नाही, आणि पुढच्या पाच धिप्पाड सहकाऱ्यांनी प्रतिस्पर्ध्यांना अडवून धरल्याशिवाय तो पास हातातून सुटतही नाही. त्यामुळे त्याच्या आकड्यांत नेहमीच इतरांचा वाटा मिसळलेला असतो.

एलएसयूच्या बाबतीत या वादाला आणखी जुना इतिहास आहे. बॅटन रूजच्या या विद्यापीठाने २००३ आणि २००७ च्या हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, ते प्रामुख्याने भक्कम बचाव आणि धावून केलेले आक्रमण यांच्या बळावर. प्रशिक्षक लेस माइल्स यांच्या कारकिर्दीत ही शैली अधिकच पक्की झाली. ५ नोव्हेंबर २०११ रोजी एलएसयूने अलाबामाला जादा वेळेत ९-६ असे हरवले. दोन्ही संघांना मिळून त्या सामन्यात एकही टचडाउन करता आला नाही. दोनच महिन्यांनी, ९ जानेवारी २०१२ रोजी, न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये राष्ट्रीय विजेतेपदासाठी हेच दोन संघ पुन्हा भिडले. त्या रात्री एलएसयूचा २१-० असा पराभव झाला आणि संपूर्ण सामन्यात त्यांच्या आक्रमणाला अवघे ९२ यार्ड मिळवता आले. त्या दिवशी क्वार्टरबॅकच्या जागी खेळणाऱ्या जॉर्डन जेफरसनचा धाकटा भाऊ जस्टिन तेव्हा शाळेत होता. पुढे त्याचे नाव या कथेत वारंवार येईल.

त्या पराभवानंतरही अलाबामा एलएसयूला सातत्याने हरवत राहिली. अंतिम सामना धरून सलग आठ पराभव झाले. उत्तम खेळाडू लुइझियानात जन्मतात, शिकतात, व्यावसायिक संघांतही जातात, पण एलएसयूला क्वार्टरबॅक मात्र मिळत नाही, अशी चाहत्यांची खंत होती आणि ती रास्त होती. सप्टेंबर २०१६ मध्ये माइल्स यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यांच्या जागी आधी हंगामी आणि नंतर पूर्ण वेळ प्रशिक्षक म्हणून एड ऑर्जेरॉन आले. ते स्वतः लुइझियानाचे भूमिपुत्र, त्यामुळे ही खंत त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

बरो आला तो ओहायोहून. त्याचे वडील ओहायो युनिव्हर्सिटीच्या संघात बचावाचे प्रशिक्षक होते, त्यामुळे खेळाचा अभ्यास त्याला घरातूनच मिळाला होता. तीन हंगाम तो ओहायो स्टेट या बलाढ्य संघात होता, परंतु तिथे त्याला एकूण ३९ पास फेकण्याचीच संधी मिळाली. २०१७ मध्ये हाताचे हाड मोडल्याने तो मागे पडला, संघातला दुसरा क्वार्टरबॅक ड्वेन हॅस्किन्स पुढे गेला, आणि २०१८ च्या वसंतात आपल्याला जागा मिळणार नाही हे त्याच्या लक्षात आले. पदवी पूर्ण झालेली असल्याने तेव्हाच्या नियमानुसार दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळण्याची मुभा त्याला होती. तो एलएसयूत आला तेव्हा मोठ्या सामन्यांचा अनुभव त्याच्या गाठीशी जवळजवळ नव्हताच.

२०१८ चा हंगाम सामान्य होता असे अनेकदा लिहिले जाते. ते पूर्णपणे खरे नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अलाबामाने एलएसयूला त्यांच्याच मैदानावर २९-० असे हरवले, तेव्हा जुनेच दुखणे परत आल्यासारखे वाटले. पण त्याच महिन्याच्या अखेरीस टेक्सास ए अँड एमविरुद्धचा सामना सात जादा डावांपर्यंत लांबला आणि एलएसयू ७४-७२ असा हरला, तरी बरो अखेरपर्यंत झुंजत राहिला. १ जानेवारी २०१९ रोजी फिएस्टा बोल या हंगामअखेरच्या मानाच्या सामन्यात सेंट्रल फ्लोरिडाविरुद्ध सुरुवातीलाच त्याचा पास हिरावला गेला, त्याच खेळीत त्याला जबर धडक बसली आणि तो काही वेळ मैदानावर पडून होता. तो उठला आणि त्याने ३९४ यार्ड व चार टचडाउन पास अशी कामगिरी केली. एलएसयूने ४०-३२ असा विजय मिळवून प्रतिस्पर्ध्यांची सलग २५ विजयांची मालिका खंडित केली. माझ्या मते बरोच्या सुधारणेची तारीख कुठली असेल तर ती हीच आहे. नवे डावपेच येण्याआधीच खेळाडू बदलू लागला होता, आणि जे लोक सारे श्रेय पुढच्या मोसमातील प्रशिक्षकाला देतात त्यांना या सामन्याचा हिशेब द्यावा लागतो.

तो प्रशिक्षक म्हणजे जो ब्रेडी. न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघात दोन वर्षे साहाय्यक म्हणून काम केलेला हा तरुण २०१९ च्या सुरुवातीला पासिंग आक्रमणाचा समन्वयक म्हणून एलएसयूत आला. आक्रमणाचे मुख्य समन्वयक स्टीव्ह एन्समिंगर हेच राहिले. ते स्वतः एलएसयूचे माजी क्वार्टरबॅक होते, आणि त्यांचा उल्लेख या चर्चेत फार कमी होतो, हे मला अन्यायाचे वाटते. दोघांनी मिळून आक्रमणाचा सांगाडाच बदलला. पूर्वी क्वार्टरबॅकच्या संरक्षणासाठी मागे ठेवले जाणारे खेळाडू आता पास झेलण्यासाठी मैदानभर पसरू लागले. अनेकदा पाचही जण बाहेर धावत आणि बरोजवळ जादा संरक्षक कोणीही उरत नसे. अशा रचनेत बचावपटूंनाही पांगावे लागते, कोण कोणाला राखतो आहे ते आधीच उघड होते आणि मधल्या जागा मोकळ्या पडतात. याची किंमत अशी, की प्रतिस्पर्ध्याने पाचपेक्षा अधिक खेळाडू अंगावर सोडले तर एक जण मोकळाच येतो आणि त्याला कोणी अडवू शकत नाही. त्याला ओळखून त्याच्या आधी चेंडू सोडणे हे क्वार्टरबॅकचेच काम ठरते. म्हणून ही योजना कागदावर कितीही सुंदर असली, तरी समोरचा बचाव क्षणार्धात वाचणाऱ्या माणसावाचून ती निरुपयोगी आहे. बरो तसा होता.

त्याच वेळी त्याचे सहकारीही वाढत होते, आणि चाहत्यांच्या वादात हीच बाजू सर्वांत दुर्लक्षित राहते. जमार चेसने २०१८ मध्ये, विद्यापीठातील पहिल्या वर्षी, २३ झेलांत ३१३ यार्ड मिळवले होते. २०१९ मध्ये त्याने १,७८० यार्ड आणि २० टचडाउन केले आणि देशातील सर्वोत्तम रिसीव्हरचा, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूचा, बिलेट्निकॉफ पुरस्कार पटकावला. जस्टिन जेफरसन ८७५ यार्डांवरून १,५४० वर गेला. त्याला कडेकडून आतल्या जागी आणल्यामुळे मैदानाचा मध्यभाग त्याला मोकळा मिळू लागला. आधीच्या वर्षी दुसऱ्या क्रमांकाचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, असलेल्या क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरने धावून १,४१४ यार्ड मिळवले आणि शिवाय ५५ पास झेलले. क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पुढच्या फळीला, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनला, त्या वर्षीचा जो मूर पुरस्कार मिळाला, जो संपूर्ण फळीला एकत्रितपणे दिला जातो. चेस नवखा असताना त्याच्याकडे फेकलेला पास आणि वर्षभर एकत्र सराव केल्यानंतर फेकलेला पास हे दोन वेगळे पास आहेत. बरोची टक्केवारी वाढली त्यात ही वाढही आहेच.

७ सप्टेंबर २०१९ रोजी ऑस्टिनमध्ये टेक्सासविरुद्ध पहिली खरी परीक्षा झाली. शेवटच्या तीन मिनिटांत सहा गुणांची आघाडी, तिसरा प्रयत्न आणि तब्बल सतरा यार्डांची गरज, अशा वेळी वेळकाढूपणा न करता एलएसयूने पास फेकला. दबावाखाली बाजूला सरकत बरोने जेफरसनला गाठले आणि जेफरसनने धावत जाऊन ६१ यार्डांचा टचडाउन पूर्ण केला. सामना ४५-३८ असा जिंकला. बरोच्या नावावर ४७१ यार्ड होते, पण जेफरसन, चेस आणि टेरेस मार्शल या तिघांनीही शंभरच्या वर यार्ड मिळवले होते, हेही लक्षात ठेवायला हवे.

ऑबर्नविरुद्धच्या सामन्याबद्दल फारसे बोलले जात नाही. मला मात्र तो सर्वांत बोलका वाटतो. ऑबर्नने पुढे तीनच खेळाडू ठेवून बाकी सर्वांना पास रोखण्यासाठी मागे नेले. बरोला खोल पास मिळेनात आणि ज्या आक्रमणाची हंगामभराची सरासरी ४८ गुणांच्या वर राहिली, ते २३ वर अडकले. त्या दिवशी एडवर्ड्स-हेलेअरने मोकळ्या सोडलेल्या पुढच्या जागेतून धावत १३६ यार्ड काढले आणि २३-२० असा निसटता विजय हाती आला. क्वार्टरबॅकच्या कारकिर्दीतील अपराजित वर्ष असे दुसऱ्याच्या पायांवर वाचते.

९ नोव्हेंबरला टस्कलूसामध्ये अलाबामाविरुद्ध पुन्हा तोच एडवर्ड्स-हेलेअर उभा राहिला. बरोने ३९ पैकी ३१ पास पूर्ण करून ३९३ यार्ड मिळवले, मध्यंतरालाच ३३-१३ अशी आघाडी घेतली. उत्तरार्धात अलाबामाचा क्वार्टरबॅक तुआ टागोव्हायलोआच्या फटकेबाजीने ती वितळत गेली, तेव्हा अंगावर आलेल्या बचावपटूंना झुगारत एडवर्ड्स-हेलेअरने यार्ड खेचून आणले. एकूण चार टचडाउन त्याचे होते. ४६-४१ या विजयाने आठ पराभवांची मालिका तुटली.

त्यानंतर बरोला देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइसमन पुरस्कार मिळाला. एलएसयूसाठी हा १९५९ च्या बिली कॅननंतरचा पहिलाच, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या जेलन हर्ट्सपेक्षा १,८४६ गुणांचे अंतर हा त्या पुरस्काराच्या इतिहासातील विक्रम ठरला. २८ डिसेंबरला हर्ट्सच्याच ओक्लाहोमाविरुद्ध उपांत्य सामन्यात बरोने पहिल्या अर्ध्यातच सात टचडाउन पास फेकले, त्यांपैकी चार जेफरसनने झेलले. ६३-२८ अशा त्या विजयाच्या दिवशी एन्समिंगर यांच्या सुनेचा विमान अपघातात मृत्यू झाला होता. सामन्यापूर्वी ही बातमी कळूनही ते आपल्या जागी बसून आक्रमणाची सूत्रे सांभाळत राहिले.

१३ जानेवारी २०२० रोजी अंतिम सामना झाला तो पुन्हा त्याच सुपरडोममध्ये. समोर गतविजेता क्लेम्सन, सलग २९ सामने जिंकलेला, आणि महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये सुरुवातीपासून खेळताना कधीही न हरलेला त्यांचा क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स. सुरुवातीच्या आक्रमणांत एलएसयूला काहीच साधले नाही आणि ते १७-७ असे मागे पडले. क्लेम्सनने चेसला एकाच बचावपटूच्या भरवशावर सोडण्याचा धोका पत्करला होता. तो बचावपटू, ए. जे. टेरेल, सामान्य नव्हता. काही महिन्यांनी, व्यावसायिक संघ नव्या खेळाडूंची जी वार्षिक निवड करतात तीत, तो सोळावा निवडला गेला. तरीही चेसने त्याला ५२ यार्डांच्या टचडाउनसह वारंवार मागे टाकले आणि ९ झेलांत २२१ यार्ड मिळवले. दुसऱ्या चरणात तीन टचडाउन करून एलएसयूने मध्यंतरापर्यंत २८-१७ अशी आघाडी घेतली. थॅडियस मॉसने दोन टचडाउन पास झेलले, जेफरसनने शंभर यार्डांची मर्यादा ओलांडली, एडवर्ड्स-हेलेअरने धावून ११० यार्ड मिळवले, आणि लॉरेन्सला ३७ पैकी १८ पासच पूर्ण करू देणाऱ्या बचावाने उत्तरार्धात क्लेम्सनला केवळ आठ गुण दिले. बरोचे ४६३ यार्ड आणि पाच टचडाउन पास यांच्यासह ४२-२५ हा निकाल लागला आणि एलएसयू १५ पैकी १५ सामने जिंकून विजेता झाला.

त्या संघाची लगेच पांगापांग झाली. २०२० च्या व्यावसायिक निवडीत एलएसयूचे १४ खेळाडू निवडले गेले, त्यांपैकी पाच पहिल्या फेरीत, आणि बरो सर्वांत पहिला. ब्रेडीही व्यावसायिक संघाकडे गेला. पुढच्या हंगामात चेस खेळला नाही आणि एलएसयूने पाच सामने जिंकले, पाच गमावले. वादातील प्रत्येक पक्षाला यानंतर पुरावे मिळत गेले. ब्रेडीशिवाय बरोने २०२१ मध्ये सिनसिनाटी या व्यावसायिक संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेले, पण तेव्हा चेस पुन्हा त्याच्यासोबत होता. बरोशिवाय जेफरसनने मिनेसोटात २०२२ मध्ये १,८०९ यार्डांसह लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. म्हणजे ही माणसे एकमेकांच्या आधाराने मोठी दिसत नव्हती. ती स्वतंत्रपणेही मोठी होती आणि एका हंगामापुरती एकाच आक्रमणात एकत्र आली होती.

म्हणूनच २०२३ मध्ये जेडन डॅनियल्सविषयी तोच वाद पेटला तेव्हा एलएसयूच्या चाहत्यांकडे तुलनेसाठी स्वतःचेच उदाहरण होते. ॲरिझोना स्टेटहून आलेल्या डॅनियल्सने एलएसयूतील पहिल्या वर्षी १७ आणि दुसऱ्या वर्षी ४० टचडाउन पास फेकले, शिवाय धावून १,१३४ यार्ड मिळवले, आणि हाइसमन जिंकला. मलिक नेबर्स आणि ब्रायन थॉमस हे त्याचे दोन रिसीव्हर पुढे पहिल्याच फेरीत निवडले गेले. झेप तशीच होती, हातही तितकेच कुशल होते. पण फ्लोरिडा स्टेटविरुद्ध ४५, मिसिसिपीविरुद्ध ५५ आणि अलाबामाविरुद्ध ४२ गुण देणाऱ्या बचावामुळे ते तिन्ही मोठे सामने हातचे गेले आणि तो हंगाम १० विजय व ३ पराभवांवर संपला.