पार्श्वभूमी : ‘सौंदर्यशास्त्र’ नावात अडकलेला विषय

शस्त्रक्रियेआधी भूल देणारे डॉक्टर आणि सौंदर्यावर ग्रंथ लिहिणारे प्राध्यापक यांचं नातं सहसा कुणी जोडणार नाही. पण दोघांच्या विषयांची इंग्रजी नावं एकाच ग्रीक शब्दातून आली आहेत. ‘ऐस्थेसिस’ म्हणजे इंद्रियांना होणारी जाणीव. ती काढून घेतली की ॲनेस्थेशिया, तिचा विचार केला की एस्थेटिक्स. या मुळात ‘सुंदर’ कुठेच नाही. मराठीत मात्र बारसं करताना पहिलंच पद ‘सौंदर्य’ घेतलं गेलं, आणि पुढचे निम्मे वाद तिथून निघाले.

विषयाला हे नाव मिळालं १७३५ साली. हाले शहरातल्या एकवीस वर्षांच्या जर्मन विद्वानाने कवितेवरच्या लॅटिन प्रबंधात ते वापरलं आणि १७५० मध्ये त्याच नावाचा ग्रंथ काढला. बुद्धीच्या ज्ञानाला तर्कशास्त्र आहे, तसं इंद्रियज्ञानालाही शास्त्र हवं, एवढीच त्याची मागणी. त्यानंतरच्या पिढीतल्या सर्वात वजनदार तत्त्वज्ञाने १७८१ मध्ये एका तळटीपेत हा वापर झिडकारला : अभिरुचीचे नियम अनुभवातून गोळा होतात, त्यांचं शास्त्र व्हायचं नाही. १७९० मध्ये त्यानेच त्या विषयावर ग्रंथाचा मोठा भाग खर्ची घातला. ‘हे सुंदर आहे’ म्हणताना आपण नियम दाखवू शकत नाही, तरी समोरच्यानेही ते मानावं असा आग्रह धरतोच, हा त्याने मांडलेला पेच अजून सुटलेला नाही.

आपल्याकडच्या जुन्या परंपरेचा भर सौंदर्यापेक्षा रसावर होता. नाट्यातल्या आठ रसांत बीभत्स आणि भयानकही बसले, शांत मागाहून आला. म्हणजे किळस येणारी गोष्टही कलेच्या अनुभवात हक्काने मोडत होती. हे विसरून पुढची भांडणं झाली.

खरा गुंता ‘शास्त्र’ या शब्दाचा. संस्कृतात शास्त्र म्हणजे व्यवस्थित मांडलेली विद्या; अलंकारशास्त्र, नाट्यशास्त्र, कामशास्त्रसुद्धा. त्या अर्थाने सौंदर्यशास्त्र म्हणायला हरकत नव्हती. पण मराठीत एव्हाना शास्त्र म्हणजे सायन्स झालं होतं. रसायनशास्त्राच्या शेजारी सौंदर्यशास्त्र ठेवलं की वाचक प्रयोगशाळेची अपेक्षा करतो : सूत्र सांगा, कसोटी सांगा, मग या चित्राला किती गुण ते सांगा. तिसरा, घरगुती अर्थ तर आणखी अडचणीचा. ‘शास्त्रापुरतं करा’ म्हणतो तेव्हा आपल्याला विधी उरकायचा असतो. (काही वर्गांत हा विषय त्याच अर्थाने शिकवला जातो, हा भाग वेगळा.)

नियमांची भूक मुंबईतच सर्वात तीव्रपणे दिसली. नभोवाणीत नोकरी करणाऱ्या एका कवीने सौंदर्याचे नियम लयीत शोधले : संवाद, विरोध आणि समतोल. त्याचे हे लेख १९५५ मध्ये ग्रंथरूपाने आले. सुख-दुःख, नीती, समाज या लौकिक गोष्टींचा सौंदर्याशी संबंध नाही, ही त्यातली भूमिका. धाडसी खरी, पण लागू करायला गेलं की चित्र-संगीतापाशी जमते आणि कादंबरीपाशी धापा टाकते. शब्दांना अर्थ असतो, आणि अर्थ आला की लौकिक जग दार न वाजवता आत येतं.

मुंबईतल्याच, गिरगावातल्या एका प्रकाशनगृहाने १९७४ मध्ये दुसरा मोठा ग्रंथ काढला. त्याच्या शीर्षकात ‘शास्त्र’ नव्हतं, ‘मीमांसा’ होतं. मुंबईत इंग्रजी शिकवणाऱ्या लेखकाने विचारपूर्वक केलेला हा बदल मला आजही सर्वात बरोबर वाटतो. मीमांसा म्हणजे खोलात जाऊन केलेली चिकित्सा. नियमांचं आश्वासन तिच्यात नाही. सौंदर्याच्या कल्पनेला लौकिकतावाद (कलेचं नातं रोजच्या जगण्याशी मानणारा) आणि अलौकिकतावाद (कला त्यापासून वेगळी मानणारा) असे दोन ध्रुव आहेत, एकाला उडवून दुसऱ्याने काम भागत नाही, हे त्यात सविस्तर येतं. ग्रंथाला दुसऱ्याच वर्षी राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कारही मिळाला. चलनात राहिलं ते ‘शास्त्र’च.

त्याआधीच शहराच्या दुसऱ्या टोकातून वेगळा प्रश्न उठला होता. दलित लेखकांचं पहिलं संमेलन १९५८ मध्ये मुंबईत भरलं, आणि १९७२ मध्ये इथल्याच तरुण लेखकांनी आक्रमक संघटना उभी केली. वेदनेची कविता ‘सुंदर’ म्हणून वाचायची का, हा त्यांच्या लेखनाने उभा केलेला प्रश्न. प्रस्थापित समीक्षेने बराच काळ त्याचं उत्तर ‘कलात्मकता कमी पडते’ या शेऱ्यात दिलं, आणि ती कलात्मकता कुणी ठरवली हे विचारायची वेळ येऊ दिली नाही. ‘सत्यं शिवं सुंदरम्’ हे त्रिपद त्या काळी फार फेकलं जाई. ते उपनिषदांतलं समजलं जातं, पण उपनिषदांत नाही. १९८८ मध्ये अब्राह्मणी आणि १९९६ मध्ये दलित साहित्याची स्वतंत्र मांडणी करणारी पुस्तकं आली. गंमत म्हणजे दोन्हींच्या शीर्षकांत ‘सौंदर्यशास्त्र’ तसंच आहे. वाद कसोट्यांशी होता, पाटी मात्र बदलली नाही.

दरम्यान शब्द सरकारी कागदावर गेला. १९९५ च्या मुंबईच्या वारसा नियमावलीत इमारतीचं ‘सौंदर्यविषयक’ मूल्य हा ऐतिहासिक, वास्तुकलाविषयक आणि सांस्कृतिक मूल्यांबरोबरचा एक आधार झाला, आणि इमारतींना श्रेणी लागल्या. म्हणजे तत्त्वज्ञांना न जमलेलं गुणदान समितीने सुरू केलं. २०१२ मध्ये यादी वाढवायचा प्रस्ताव आला तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला. आपली घरं सुंदर ठरतात याचं त्यांना वावडं नव्हतं, पुनर्विकास अडकेल याची धास्ती होती. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंचे व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको शैलींतल्या इमारतींचे समूह जागतिक वारसा यादीत गेले; दोन काळांच्या दोन आवडी एकमेकींसमोर उभ्या, मधे क्रिकेट.

आता ‘एस्थेटिक’ विशेषण झालं आहे. कॅफे एस्थेटिक असतो, रील एस्थेटिक असते, त्वचेचा दवाखानाही. शेवटच्या ठिकाणी कातडी बधिर करणारं मलम आधी लावतात.