"जेवढं घोटून घ्याल तेवढंच येतं" म्हणे!

पोराला एकेक गोष्ट वेगळी शिकवावीच लागते, हे क्लासवाल्यांपासून आजीपर्यंत सगळे ठासून सांगतात. अर्धंच खरंय ते.

१९७१ मध्ये अमेरिकेत मरे सिडमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका मुलासोबत प्रयोग केला. त्या मुलाला समजा 'कॅट' ऐकवलं तर मांजराच्या चित्रावर बोट ठेवता यायचं, चित्र बघून नावही सांगायचा, पण वाचनाच्या नावाने शून्य. त्याला शिकवलं फक्त एवढंच, की शब्द ऐकायचा आणि तोच छापील शब्द निवडायचा, असे २० शब्द. मग टेस्ट घेतली तर गडी छापील शब्दाला बरोबर चित्र जोडतोय, चित्राला शब्द जोडतोय आणि वर तो मोठ्याने वाचतोय पण, जे कुणी शिकवलंच नव्हतं!

आता हे हवेतून आलं नाही हां, ऐकलेला शब्द दोन्हीकडे कॉमन होता, त्याच पुलावरून चित्र आणि अक्षरं एकमेकांना भेटली. आणि गंमत म्हणजे सिडमन स्वतः वर्तनवादी (वागणं सराव आणि बक्षिसातून घडतं असं मानणारा), म्हणजे ज्यांना लोक "घोकंपट्टीवाले" म्हणून हिणवतात त्यांच्यातलाच.

"हे फक्त माणसालाच जमतं" असंही बोलतात, पण १९९३ मध्ये रिओ नावाच्या कॅलिफोर्नियातल्या सी लायनने (सीलसारखा समुद्री प्राणी) अशीच टेस्ट पास केली, तीही चित्रांच्या जोड्या लावून.