आधी पंपिंग गेलं की आधी ठेका?

परळच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) खोलीबाहेर थोडा वेळ बसा. आतून माणूस आला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पंपिंग किती आलं?" हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं किती रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं, त्याचा हा आकडा. साधारण 55 ते 70 टक्के असला की ठीक.

एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाचा ठेका बिघडण्याच्या आजारात वरचे कप्पे आवळण्याऐवजी नुसते थरथरतात. खालचा कप्पा कधी पुरता भरण्याआधीच आवळतो आणि तो ठोका मनगटापर्यंत पोचतच नाही. मिनिटाला छातीवर 130 ठोके आणि नाडीला 100, ही तफावत त्यातूनच येते.

हृदय थकलं म्हणून ठेका बिघडला, असंच डॉक्टर बरीच वर्षं धरून चालले. उलटंही घडतं, बिघडलेल्या ठेक्यानेही हृदय थकतं, हे पटायला वेळ लागला. 1962 मध्ये अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ बर्नार्ड लाऊन यांनी डीसी शॉकने, म्हणजे छातीवर विजेचा झटका देऊन, ठेका जागेवर आणून दाखवला, पण तो टिकवायला गोळ्या लागत आणि त्यांचे त्रास वेगळेच. 2002 च्या 'अफर्म' चाचणीत 4,060 रुग्णांमध्ये ठेका सुधारण्याचा आग्रह धरून मृत्यू काही कमी झाले नाहीत. मग नुसता वेग आवरा, असा सूर लागला. माझ्या मते यात ठेक्यापेक्षा गोळ्यांचीच परीक्षा जास्त झाली.

1998 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हायसागेर यांच्या चमूने दाखवलं, की या गडबडीची ठिणगी बहुतेकदा फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. ती जागा कॅथेटरने, म्हणजे शिरेतून हृदयात नेलेल्या बारीक नळीने, जाळता येऊ लागली. त्याच शहरातल्या 2004 च्या अभ्यासात अशा उपचारानंतर हार्ट फेल्युअरच्या (हृदय कमजोर पडलेल्या) 58 रुग्णांचं पंपिंग सरासरी 21 अंकांनी वाढलं. ज्यांचा वेग आधीच आटोक्यात होता, त्यांचंही सुधारलं. म्हणजे दोष नुसत्या वेगाचा नव्हता, बेतालपणाचाही होता. 2018 च्या 'कॅसल-एएफ' चाचणीत अशाच 363 रुग्णांत गोळ्यांच्या तुलनेत या उपचाराने मृत्यू आणि हार्ट फेल्युअरसाठीची भरती, दोन्ही घटले.

आपल्याकडे एक फरक लक्षात ठेवायला हवा. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेले रुग्ण इथे अजून येतात. त्यांच्यात आधी झडपेकडे बघावं लागतं.

शॉक बसताच ईसीजीत ठेका नियमित दिसतो, म्हणून घरचे दुसऱ्याच दिवशी इको मागतात. पण वरचे कप्पे काही आठवडे सुस्तच असतात. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करण्याच्या गोळ्या तेव्हा थांबवत नाहीत, आणि पंपिंगचा खरा आकडा कळायला काही महिने जावे लागतात.