ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (हृदयशस्त्रक्रियेतील वापर)

हृदयशस्त्रक्रियेत व त्यानंतर होणारा रक्तस्राव कमी करण्यासाठी शिरेतून दिले जाणारे औषध. बायपास किंवा झडप बदलताना बहुतेक वेळा रुग्णाचे रक्त हृदय-फुप्फुस यंत्रातून फिरवतात. ते नळ्यांत गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात आणि शेवटी प्रोटामिनने त्याचा परिणाम उतरवतात. तरीही छातीतून रक्त झिरपत राहू शकते. यंत्रातून फिरताना प्लेटलेट्स दुबळ्या पडतात आणि गुठळी विरघळवणारे प्लाझ्मिन वाढते. हे प्लाझ्मिन ज्यापासून बनते ते प्लाझ्मिनोजेन गुठळी बांधून ठेवणाऱ्या फायब्रिनच्या धाग्यांना ज्या टोकाने चिकटते, ते टोक हे औषध अडवून ठेवते. म्हणजे ते नवी गुठळी बनवत नाही, बनलेली टिकवते. ‘इतके दिवस रक्त पातळ करायची गोळी, आता रक्त थांबवायचे इंजेक्शन, हे कसे?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकांना हा फरक सांगायलाच हवा.

जपानमधील उताको व शोसुके ओकामोटो या दांपत्याने १९६२ मध्ये या औषधाची माहिती प्रसिद्ध केली. हृदयशस्त्रक्रियेत आधी गाईच्या फुप्फुसापासून मिळणाऱ्या अप्रोटिनिनचा दबदबा होता. कॅनडातील चाचणीत मृत्यू अधिक दिसल्याने २००७ मध्ये त्याची विक्री थांबली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४,६३१ रुग्णांच्या चाचणीत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडमुळे रक्तस्रावासाठी छाती पुन्हा उघडण्याचे प्रमाण २.८ वरून १.४ टक्क्यांवर आले. आकडीचे (फिट्सचे) झटके मात्र ०.१ वरून ०.७ टक्क्यांवर गेले. मोठ्या मात्रेत झटक्यांचा धोका वाढतो. औषध लघवीवाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंड अधू असल्यास मात्रा कमी करतात.

नागपुरात वाचलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीला मोल आहे. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटी रुग्णालयात गडचिरोली, चंद्रपूरपासून बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतचे रुग्ण येतात. इतक्या लांबून सोबत एखादाच नातेवाईक आलेला असला, तर रक्तदाता कुठून आणायचा? त्यात मे महिन्यात कॉलेजांना सुट्ट्या लागतात, पारा ४५ अंशांकडे जातो आणि शिबिरे रोडावतात.

विदर्भात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. यंत्रावर असताना थंडावा व प्राणवायूची कमतरता यांमुळे या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन अडकू शकतात, म्हणून तपासणी आधीच करतात. गुठळ्यांचा धोका त्यांना मुळातच अधिक असतो आणि अनेकांची मूत्रपिंडेही दुखावलेली असतात. त्यामुळे या औषधाची मात्रा प्रत्येक रुग्ण पाहूनच ठरवावी लागते.